सिद्रामप्पा सरांचा अंदाज

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्री लॅबमध्ये दोन मीटर होते. एक टेबलावरचा, पिवळा पडलेला, पाण्यात बुडवायच्या कांडीला चिकटपट्टी लावलेला. दुसरा सिद्रामप्पा सरांच्या तोंडात. टेबलावरचा अधूनमधून बंद पडायचा आणि बाजूने थाप मारली की परत चालू व्हायचा. तोंडातला कधी बंद पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मी सांगणार आहे ते त्या दुसऱ्या मीटरबद्दलच.

सर मूळचे संतपूरचे. कपाळाला विभूती, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी पेनापेक्षा जाड असा त्यांचा स्वतःचा मीटर. तो कुठल्याही पाण्यात बुडवला की त्यातून वीज किती वाहते ते सांगायचा. गुणाकार ते कानडीत करायचे, रागवायचे दखनी उर्दूत आणि समजावून सांगायचे मराठीत. त्यामुळे ते कुठल्या भाषेत बोलायला लागले यावरून पुढे काय वाढून ठेवलंय ते आम्हाला कळायचं. पाठीमागे पोरं त्यांना मीठ सर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. "गोड सर म्हणण्यापरीस बरं," एवढंच ते म्हणाले होते.

मी मादन हिप्परग्याहून बीदरला शिकायला आले तेव्हा पहिल्याच तासाला सरांनी टेबलावर स्टीलचा तांब्या ठेवला. आतल्या बाजूने एक ओरखडा होता, बरोबर एक लिटरची खूण. "हा तांब्या माझ्या घरचा," ते म्हणाले. "लॅबमधल्या काचेच्या भांड्यातलं कुणी चाखलं तर त्याला मी ह्या खिडकीतून खाली टाकीन. चाखायचं फक्त ह्यातलं, आन् तेबी मीच." मग ते बाहेर गेले. एका गटाने मनाला येईल तेवढं मीठ काट्यावर मोजून तांब्यात टाकायचं, वर खुणेपर्यंत पाणी भरायचं, आणि किती टाकलं तो आकडा कागदावर लिहून, घडी घालून खडूच्या डब्यात ठेवायचा.

सर आत आले. चमचाभर पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले, तोंड छताकडे केलं. सगळा वर्ग त्यांच्या गळ्याकडे बघत होता. त्यांनी खिडकीबाहेर चूळ टाकली आणि फळ्यावर लिहिलं, साडेचार. मग मीटर बुडवला. आठ पूर्णांक चार. मग कागद उघडला. साडेचार ग्रॅम.

पुढच्या बाकावरच्या एकाने टाळी वाजवली. सर दखनीत काहीतरी पुटपुटले आणि टाळी बंद झाली.

"आता बगा," ते मराठीत आले. "मीठ पाण्यात पडलं की त्याचे दोन तुकडे सुटे होतेत. हे आपल्या गंजातले, धान्याच्या बाजारातले हमाल. वीज हिकडून तिकडं न्यायचं काम ह्यांचं. हमाल जास्त, तर माल जास्त. लिटरला एक ग्रॅम मीठ टाकलं तर ह्यो मीटर दोनाच्या आसपास सांगतो. मग साडेचारला किती?"

"नऊ," सगळे म्हणाले.

"मग मीटर आठ पूर्णांक चार कामून म्हणायलाय?"

सरांनी फळ्यावरच्या साडेचारवर खडू टेकवला. "गंजात तुरीचा सीजन आला की हमाल वाढतेत. पण ते एकमेकाला धडकतेत, वाट अडवतेत. दुप्पट हमाल लावले म्हणून दुप्पट पोती हलत न्हाईत, थोडी कमीच हलतेत. मीठ तसंच. पातळ पाण्यात दोनाचा हिशोब चालतो, दाट झालं की गर्दीचा विचार करायचा." पुढे मोठमोठ्या पुस्तकांत मी हीच गोष्ट लांबलचक सूत्रांत वाचली. दर वेळी मला डोक्यावर पोतं घेतलेले, एकमेकांना शिव्या देणारे हमालच दिसले.

सरांचे नियम दोन. पहिला, आधी अंदाज. काहीही मोजण्याआधी वहीच्या डाव्या बाजूला अंदाजाचा आकडा लिहायचा. तो नसेल तर उजवीकडचं उत्तर कितीही बरोबर असो, शून्य. एकदा एकाने गणित करून लिटरला चारशे ग्रॅम मीठ काढलं. सरांनी त्याची वही उचलून वर्गाला दाखवली. "एवढं मीठ पाण्यात विरघळतच न्हाई. पाण्यात मावंना, ह्याच्या वहीत मावलं." पोराने कुठेतरी दशांशचिन्ह गाळलं होतं. आधी अंदाज लिहिला असता तर त्याचं त्यालाच हसू आलं असतं.

दुसरा नियम, खोडरबर बंद. अंदाज चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खरा आकडा लिहायचा. ज्याची वही गिचमिड करून काळी केलेली सापडेल, किंवा जो शेजाऱ्याचा अंदाज बघून लिहील, त्याने संध्याकाळी सगळ्या लॅबची काचेची भांडी धुवायची. मी पहिल्या सत्रात ती तीनदा धुतली. कारण सांगत नाही.

एकदा मी आणि माझ्या जोडीदारणीने एक ग्रॅम मीठ लिटरभर पाण्यात घेतलं. अंदाज दोन. मीटर म्हणाला तीन पूर्णांक एक. आम्ही परत केलं, परत तीन पूर्णांक एक. सर आले, वही बघितली.

"पाणी कुठलं?"

"डिस्टिल्ड, सर."

"डिस्टिल्ड पाण्यात हमाल नसतेत. हे एक पूर्णांक एकाचे हमाल आधीच कामावर हजर हायत." त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली आणि पानं उलटली. "तू मैलूरला राहतीस न्हवं? पाण्याच्या टाकीमागच्या घरात?"

डिस्टिल्ड पाण्याचा कॅन संपला होता आणि आम्ही माझ्या बाटलीतलं, शहरातल्या मैलूर भागातल्या माझ्या खोलीमागच्या बोरचं पाणी वापरलं होतं. सर जिथे जातील तिथे पाण्यात मीटर बुडवून त्या वहीत टिपून ठेवत. आमच्या घरमालकाकडे ते कधीतरी सत्यनारायणाला आले होते, तेव्हाचा आकडा वहीत होता. त्या संध्याकाळी भांडी धुतली ती दुसरी वेळ.

खिशातल्या मीटरची सवय त्यांना सोयऱ्याधायऱ्यांतही सोडवत नसे. आमच्या गावात एका लग्नाला ते आले होते. पंगत बसायची वेळ आणि मंडपामागे आरडाओरडा. आचारी महबूबचाचा डोक्याला हात लावून बसलेले. आमटीची भली मोठी कढई तयार, पण त्यात मीठ पडलंय की नाही हे कुणालाच आठवत नव्हतं. चाचांची जीभ सकाळपासून मसाला चाखून चाखून बधिर झालेली, आणि मदतनीस तीन जण तीन गोष्टी सांगत होते.

"साब, नमक डाला की नै, याद नै आरा," चाचा म्हणाले.

सरांनी चमचाभर आमटी वाटीत निववली, तोंडात घेतली, मांडवाच्या छताकडे बघितलं. "आठ," ते म्हणाले. मग त्यांनी एक चमचा आमटी आणि नऊ चमचे सोबतच्या बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी मिसळलं, कारण तेवढी दाट आमटी मीटरला झेपली नसती. मीटरने एक पूर्णांक सहा दाखवलं. त्याचा निम्मा शून्य पूर्णांक आठ, आणि दहापट पातळ केलेलं म्हणून गुणिले दहा. लिटरला आठ ग्रॅम. "मीठ पडलंय चाचा. आता चिमूटबी टाकलात तर पाव्हणे रात्रभर पाणी मागतील."

नवऱ्या मुलीचे वडील हे सगळं बघत उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे डॉक्टर हायत का?" मी व्हय म्हणाले. त्या घटकेला ते खोटं वाटलं नाही.

एवढी अचूक जीभ आली कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांची आई संतपुरात गल्लीभरच्या बायकांना पापड, कुरडया आणि लोणची करून द्यायची. तिचं स्वतःचं मीठ-तिखट बंद होतं, म्हणून चाखायचं काम लहानग्या सिद्राम्याचं. "अव्वा इचारायची, किती? नुसतं जास्त-कमी सांगितलं की चमच्याचा दांडा बसायचा. आकडा सांग म्हणायची." म्हणजे सरांच्या आधी आमची खरी प्राध्यापक ती बाई होती.

शिक्षण झालं आणि मी त्याच लॅबमध्ये शिकवायला लागले. सर वर्गात मला मुद्दाम "मॅडम" म्हणायचे आणि वर्ग सुटला की "ए पोरी". असं एकदोन वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात सरांना ताप आला. दोन आठवडे अंथरुणात होते. परत आले ते वाळून, पण शर्ट तोच, मीटर तोच, आणि बडबडही तीच.

दुपारी आम्ही डबे उघडले. त्यांच्या घरून अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नी श्रीदेवी अक्कांनी, दिलेली शेंगदाण्याची चटणी सरांनी माझ्या ताटात वाढली. मी घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांच्या हातून मीठ दोनदा पडलं होतं. सर ती चटणी भाकरीवर जाड पसरून शांतपणे खात होते.

"सर," मी म्हणाले, "चटणी कशी झालीय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डब्याकडे. मग माझ्या डोळ्यांकडे. मास्तर माणूस, एका निरीक्षणावरून पुढचं गणित करता येत होतं.

"खारट हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"लई."

त्यांनी डब्याला झाकण लावलं. "तापानं चव नेली," ते म्हणाले. "गोड न्हाई, खारट न्हाई, काय बी कळंना. घरात बी सांगितलं न्हाई मी. तू कुणाला सांगू नको. मास्तराचाच अंदाज लागंना म्हणल्यावर पोरं अंदाज लिहायचं सोडतील."

मला त्यांचं एवढं वाईट वाटलं की मी एक मूर्खपणा केला, आणि सरांनी त्याहून मोठा, म्हणजे तो मान्य केला. मिठाच्या आकड्याचा कागद खडूच्या डब्याऐवजी माझ्याकडे द्यायचा असा नवा नियम मी काढला. कारण सांगितलं, पारदर्शकता. सर चमचा तोंडात घेऊन डोळे मिटत, तेवढ्यात मी मागच्या टेबलावर परीक्षानळ्या आवरायचं नाटक करायची. पाच ग्रॅम असेल तर स्टँडात पाच नळ्या. अर्ध्यासाठी एक नळी तिरकी. सर डोळे उघडत, छताकडून नजर खाली आणताना वाटेत माझ्या स्टँडावर जराशी थांबवत, आणि फळ्यावर आकडा लिहीत. पोरं आ वासून बघत. एका बॅचचे चार वर्ग असे पार पडले. ज्या माणसाने मला नक्कल केली म्हणून भांडी धुवायला लावली होती, तो माझी नक्कल करत होता. मला त्याची मनातून गंमतही वाटत होती, हे कबूल करायला हवं.

त्याच बॅचमध्ये औरादकडची एक मुलगी होती, नागवेणी. दोन वेण्या, कमी बोलणं, आणि डोळ्यांतून काही सुटायचं नाही. पाचव्या वर्गाला मीठ घालायची पाळी तिच्या गटाची होती. तिने घडी घातलेला कागद मला दिला. त्यात लिहिलं होतं, चार. मी चार नळ्या उभ्या केल्या. सरांनी चमचा घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि फळ्यावर मोठा चार काढला.

मग मीटर बुडवला. शून्य पूर्णांक शून्य दोन.

सरांनी मीटरच्या बाजूला थाप मारली. शून्य पूर्णांक शून्य दोन. तांब्यात नुसतं डिस्टिल्ड पाणी होतं.

वर्गात कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त अवघड होतं. नागवेणी उभी राहिली. "सर, माझी थोरली बहीण तुमच्याच हाताखाली शिकली. ती सांगायची, सर चाखून छताकडं बघतेत. तुम्ही मॅडमच्या नळ्यांकडं बघायलात. म्हणून मी मीठच टाकलं न्हाई." एवढं बोलून ती रडायलाच लागली, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती.

मी घाईघाईने म्हणाले, "सर, मीटरमध्ये बिघाड वाटतोय. बदलून आणते."

"मीटरवर आळ घेऊ नका मॅडम," सर म्हणाले. "मीटर बरोबर हाय."

ते फळ्याकडे वळले. डस्टर हाताशीच होतं. त्यांनी खडू घेतला आणि चारावर एकच आडवी रेघ मारली. चार स्वच्छ वाचता येत होता. शेजारी लिहिलं, शून्य. मग वर्गाकडे तोंड केलं.

"तापापासून मला चव न्हाई. पाच वर्ग झाले, मी अंदाज करत न्हाई, नक्कल करायलोय. पोरं अंदाज लिहायचं सोडतील, असं मी ह्या मॅडमला कारण सांगितलं. ते बी खरं न्हाई. माझीच शान जायली होती, ती मला सोडवंना." त्यांनी नागवेणीकडे बोट केलं. "ह्या पोरीनं आज जे केलं त्याला प्रयोग म्हणतेत. तिला पैकीच्या पैकी. बस पोरी, रडू नको."

मागून कुणीतरी भीत भीत विचारलं, "सर, मग आज भांडी कोण धुणार?"

आता मात्र वर्ग हसला. सरही. संध्याकाळी पाच वाजता सिद्रामप्पा सर बाह्या सरसावून नळाखाली चंचुपात्रं विसळत होते आणि मी पुसत होते. दारात अर्धा वर्ग बघायला उभा होता. "तिकडं साबण राहिलाय सर," नागवेणी म्हणाली. सरांनी ते भांडं परत धुतलं. त्या दिवसापासून त्या बॅचच्या वह्यांत डावीकडचा रकाना कधी रिकामा राहिला नाही. पोरं अंदाज लिहायची, चुकायची, आणि ऐटीत एकच रेघ मारायची.

सर त्यानंतर निवृत्त झाले. परवा मी त्यांच्या घरी गेले होते. पुढच्या खोलीत टेबलावर तोच ओरखड्याचा तांब्या, खिशातला मीटर आणि एक नवी वही. अक्का म्हणाल्या, "बरी आलीस. सकाळच्याला हेच चालतंय ह्यांचं. मी काट्यावर बगून मीठ टाकायचं, किती ते सांगायचं न्हाई, आन् हे चाखत बसतेत."

मी वही चाळली. रोजची तारीख, डावीकडे अंदाज, उजवीकडे मीटर. उजवीकडे रोज वेगळा आकडा होता. डावीकडे पानामागून पान एकच वाक्य, त्यांच्या सुबक अक्षरात. कळलं न्हाई. कळलं न्हाई. कळलं न्हाई. ज्या माणसाला लग्नाच्या कढईतलं मीठ मोजता येत होतं, त्याने रोज सकाळी बसून हे लिहिलं होतं. वही मी पटकन मिटली.

सर चमचा घेऊन खुर्चीत बसले. समोरच्या स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या. सरांचं लक्ष जाईल अशा बेताने त्यांनी एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचा अंगठा दाराच्या चौकटीवर ठेवला. सहा. म्हणजे ही विद्या घरापर्यंत पोचली होती.

सरांनी ते बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी चमचा खाली ठेवला, उठले, खुर्ची फरफटत फिरवली आणि दाराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. "कामून उलटं बसायलाव?" अक्का म्हणाल्या.

त्यांनी पाणी तोंडात घेतलं. डोळे मिटले. तोंड छताकडे गेलं. मी माझ्या पहिल्या तासाला बघत होते तशीच त्यांच्या गळ्याकडे बघत होते. इतका वेळ गेला की अक्कांनी बोटं काढून पदराला पुसली. मग सरांनी चूळ टाकली, वही ओढली आणि डावीकडे लिहिलं, तीन.

त्या वहीतला डावीकडचा तो पहिला आकडा होता.

मीटर बुडवला. अकरा. दोनाच्या हिशोबाने साडेपाच, आणि हमालांची गर्दी धरून सहा. सरांनी तोंडातल्या तोंडात कानडीत गुणाकार तपासला. मग पेन घेऊन तीनावर एकच आडवी रेघ मारली, हलक्या हाताने, आणि शेजारी सहा लिहिलं.

"चुकलं की," अक्का म्हणाल्या.

"व्हय, चुकलं," सर म्हणाले, आणि वही माझ्यापुढे सरकवली. त्यांचा चेहरा मी पुष्कळ वर्षांत इतका खुललेला बघितला नव्हता. "बग पोरी. तीन वाचता येतंय न्हवं?"